अमृतराव, सिंक अन् लक्ष्म्यांचं उष्टं

गुडीहत्नूरच्या हायवेवर चहाची एक टपरी आहे. सकाळी तिथं चार माणसं बसली अन् समोरून अमृतराव गेले, की कोणीतरी विचारतंच, "काय गा अमृतराव, भांडे झाले काय?"

अमृतराव थांबतात. खांद्यावरचा दुपट्टा सारखा करतात अन् म्हणतात, "झाले ना. तुमच्या घरचे राह्यले असतीन तं पाठवा."

सुरुवातीला लोक हसत. आता विचारणाऱ्यालाच विचारल्याचं थोडं लागते, पण सवय कुठं जाते.

अमृतरावांनी सारी जिंदगी कापूस अन् ज्वारीत काढली. घरात पाण्याचा गिलासही हातानं घेतला नसेल. जेवून उठले की ताट तिथंच, अन् हात धुवायला पाणी कुसुमबाईच्या हातून. त्यात वाईट काही आहे असं ना त्यांना वाटलं, ना कुसुमबाईला. पोरगा अनुप वरंगलला नोकरीवर लागला, त्यानं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, अन् स्वयंपाकघरात कमरेइतका ओटा करून त्यात चकचकीत सिंक बसवलं. म्हणाला, "माय, आता तुले मोरीवर वाकायचं काम नाई. उभ्यानं भांडे घास."

कुसुमबाईनं उभ्यानं भांडे घासले, पण पुरता एक हंगामही नाही. कापूस वेचायच्या दिवसांत एका सकाळी चहा गाळता गाळता तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, अन् बोलणं असं झालं की एका वाक्यातले दोन शब्द बाहेर येत अन् बाकीचे घशात राहत. ते राहिलेले शब्द एकट्या अमृतरावांना समजत.

अनुप म्हणाला, बाई लावू. कुसुमबाईनं डोळे मोठे केले. अमृतरावांनी तिचं म्हणणं सांगितलं, "ते म्हणते, परक्या बाईच्या हातचं खाऊन मरण्यापरीस उपाशी मरतो."

"मंग करीन कोण?"

"मी हावो ना."

पोराला वाटलं, बाप रागात बोलला. पण दुसऱ्या दिवशी अमृतराव खरंच सिंकापाशी उभे होते.

पहिल्या पंधरवड्यातच सिंक तुंबलं. भाकरीची परात ते तशीच नळाखाली धरत. ज्वारीचं पीठ पाण्यासंगं पाइपात उतरे, त्यावर कढईचं तेल, तेलावर पुन्हा पीठ. भिंतीला गिलावा द्यावा तसा थरावर थर. प्लंबर बंडू आला, खालचा पाइप खोलला अन् आतला गोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"काका, हे पाहा. एक भाकर निंगते याच्यातून."

अमृतरावांनी तो गोळा दोन बोटांत दाबून पाहिला. शेतकरी माणूस, त्याला पाण्याची वाट सांगावी लागत नाही. म्हणाले, "पाटात माती जाऊ देल्ली तं शेवटच्या वाफ्याले पाणी भेटत नाई. माहीच चूक हाय."

तेव्हापासून त्यांनी सिंकाला शेताच्या पाटासारखं सांभाळलं. तोंडावर बारीक जाळी बसवली. ताटातलं खरकटं आधी बादलीत, ते म्हशीला. कढई अन् तेलाचं भांडं जुन्या पेपरानं पुसायचं, मग पाण्याला लावायचं. परातीला पीठ राहिलं तर ते खरवडून घ्यायचं, धुतलेलं पाणी लिंबाच्या झाडाला. अन् आठवडी बाजाराच्या दिवशी, आठवण राहावी म्हणून, हाताला सोसेल त्यापेक्षा थोडं जास्त गरम पाणी सिंकात सोडायचं. उकळतं नाही. उकळत्यानं पाइपाचे जोड ढिले होतात, असं बंडूनं बजावलं होतं. कुसुमबाई दारात खुर्चीवर बसून पाहत राही. कुठं एखाद्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी काळं राहिलं की डाव्या हातातली काठी फरशीवर आपटे. अमृतराव वळून न पाहताच तो गंज पुन्हा घासायला घेत.

असं चाललं होतं. मग भादवा आला अन् लक्ष्म्या आल्या.

आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे घरातल्या बाईची परीक्षा. ज्येष्ठा अन् कनिष्ठा, दोघी बहिणी माहेरी येतात. मुखवटे, नव्या साड्या, पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या, कढी, वडे, अन् सवाशिणींच्या पंगती. नियम लय. त्यात सगळ्यांत कडक नियम उष्ट्याचा. लक्ष्म्यांच्या पंगतीतलं उष्टं घराच्या बाहेर जात नाही. गाईला नाही, कुत्र्याला नाही, नालीत तर नाहीच. घरच्या अंगणात खड्डा खोदून त्यातच पुरायचं. बाहेर गेलं, तर घरची लक्ष्मी त्याच्यामागं चालली, असं मानतात.

हे मुखवटे कुसुमबाईला सासूकडून आले होते. थोरली सून म्हणून. धाकटी जाऊ चंद्रभागा बाजारहत्नूरला राहते, अमृतरावांचा भाऊ भगवानराव तिथं बी-बियाण्याचं दुकान चालवतो. कुसुमबाईचं अंग गेल्यावर पहिल्याच वर्षी चंद्रभागेनं विषय काढला होता, अन् गेल्या वर्षी तिनं तो संपवत आणला. चंद्रभागा वाईट बाई नाही. तिला खरंच भीती वाटे, की बाईचा हात न लागता, एका म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर केलेली लक्ष्मी कधीतरी कोपेल अन् सगळ्या कुळाला भोवेल.

पण भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायची रीत नाही. म्हणून ती डोक्यावरचा पदर ओढून भिंतीशी बोले.

"भितीबाई," ती गेल्या वर्षी म्हणाली, "पुढच्या साली करून घ्या म्हणा. पण कायी मोडता आला, तं मुखवटे आमी घेऊन जातो. देवाचं काम हाय, त्याच्यात लाज नाई धरायची."

अमृतरावही भिंतीलाच उत्तर देत. "भितीबाई, तिले सांगा, मोडता येणार नाई."

भगवानराव मध्ये बसलेला राही. भाऊ अन् बायको दोघांच्या बोलण्यावर मान हलवायची, एवढंच त्याचं काम.

कुसुमबाई त्या दिवशी एकच शब्द बोलली. "नोको." मुखवट्यांच्या पेटीवर तिनं डावा हात ठेवला होता. स्वयंपाक तिच्या हातून गेला, चालणं गेलं, बोलणं गेलं. घरातलं तिचं म्हणावं असं ती पेटीच राहिली होती. अमृतरावांनी त्या शब्दाचा अर्थ कोणाला सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती.

तर यंदाच्या लक्ष्म्या. आपल्या तेलंगणात या सणाची सुट्टी नसते, म्हणून अनुपला येता आलं नाही. शेजारची सोनाबाई सकाळपासून पदर खोचून आली होती. सत्तरी गाठलेली, तोंडाची फटकळ, हाताची चपळ. पुरण अमृतरावांनी वाटलं, पोळ्या सोनाबाईनं लाटल्या, मीठ-गूळ किती ते कुसुमबाईनं बोटांनी दाखवलं. आंबील ढवळता ढवळता अमृतरावांना घाम फुटला तेव्हा सोनाबाई म्हणाली, "अमृतभाऊ, पुढच्या जल्मी बाईच व्हा तुमी. सराव झाला."

"होतो. पण तू माही सासू नोको होऊ."

चंद्रभागा अन् भगवानराव सकाळच्या बसनं आले होते. चंद्रभागेनं सगळीकडं नजर फिरवली अन् बोट ठेवायला जागा सापडली नाही. नैवेद्य झाला, आरती झाली, सवाशिणींची पहिली पंगत उठली. दुसरी पंगत ताटं धुऊन यायची वाट पाहत बसली. तेव्हा अमृतराव उष्ट्याची ताटं घेऊन मागच्या दारात आले अन् थांबले.

अंगणात सिमेंट होतं.

उन्हाळ्यात अनुपनं अख्ख्या अंगणात सिमेंट टाकलं होतं, मायचा पाय चिखलात घसरू नये म्हणून. कुसुमबाई त्यावर काठी टेकत चार पावलं फिरू लागली होती. कोपऱ्यातला तो लक्ष्म्यांचा खड्डा, दरवर्षी उघडायचा अन् बुजवायचा, त्याच सिमेंटखाली गेला होता. तेव्हापासून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण एरवी त्याचं काम नसते. गोठा रस्त्यापलीकडं. लिंबाचं झाड कंपाउंडच्या बाहेर.

"आता हे कुठं पुरू वं सोनाबाई?"

सोनाबाईनं अंगण पाहिलं, ताटं पाहिली, अन् आत सिंकाकडं पाहिलं. "सिंक घरातच हाय ना?"

"हाय."

"मंग त्याच्यात गेलेलं घरातच राह्यलं की."

अमृतरावांना ते पटलं. चंद्रभागेनंही आतून ऐकलं अन् भिंतीला सांगितलं, "बरोबर हाय. घरातल्या घरात हाय." इतक्या जाणत्या बायांना पटलं, तर माणसाचं काय. दुसरी पंगत खोळंबलेली. अमृतरावांनी ताटं नळाखाली धरली. सोळा भाज्यांच्या फोडींनी जाळी लगेच भरली, म्हणून त्यांनी जाळी काढून बाजूला ठेवली. जी जाळी त्यांनी कधी कोणाला काढू दिली नव्हती. आंबील गेली, पुरण गेलं, कढी गेली, पोळ्यांवरचं पातळ तूप गेलं. मोठे तुकडे त्यांनी बोटानं आत ढकलले. तूप वर पातळ होतं, खाली थंड पाण्यात भेटलं अन् मेणासारखं थिजलं.

आधी सिंकानं एक ढेकर दिला. मग पाणी खाली जायच्या ऐवजी वर येऊ लागलं.

अमृतरावांनी नळ बंद केला, पण एक तोटी ढिली, तिची धार चालूच. सिंक काठोकाठ भरलं अन् ओट्यावरून फरशीवर सांडलं. अन् गवंड्यानं स्वयंपाकघराचा ढाळ उलटा दिलेला. पाणी मोरीकडं न जाता बैठकीकडं निघालं, जिथं दोघी लक्ष्म्या साड्या नेसून उभ्या होत्या.

"पानी! लक्ष्म्याइकडं पानी चाललं!" सोनाबाई ओरडली.

अमृतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा खाली टाकला अन् गुडघ्यावर बसून उंबऱ्याशी त्याचा बांध घातला. पाणी बाजूनं फुटलं.

"तिकडून नाई, इकडून घाला! कोपऱ्यातून जाऊन राह्यलं!" चंद्रभागा किंचाळली. भिंतीला नाही, थेट भासऱ्याला. तिच्याच ध्यानात आलं नाही. तिनं आपल्या नव्या साडीचा पदर सोडून कोपऱ्यात कोंबला, अन् पाणी थांबलं. लक्ष्म्यांच्या पाटापासून वीतभर अंतरावर.

आतून ढिल्या तोटीचा आवाज तेवढा येत होता.

चंद्रभागेनं ओला पदर पिळला, डोक्यावर घेतला अन् पुन्हा भिंतीकडं वळली. "भितीबाई, मी म्हणलं होतं. मोडता आला."

भगवानरावानं मान हलवली. मग भावाकडं पाहून ती मध्येच थांबवली.

अमृतरावांनी ती ढिली तोटी चिंधीनं करकचून बांधली. त्यांनी बंडूला फोन लावला. बंडू इचोड्याला सासरी पंगतीत बसला होता, तोंडात पुरणपोळी. "काका, मी नाई येऊ शकत. पण तुमीच करा ना. खाली पाइपाले बाटलीवानी जे हाय, ते हातानं फिरवून काढा. खाली बादली ठेवा आधी. अन् पाइप साफ करायची पावडर नोका टाकू, तूप असंल तं ते दगडच होते."

अमृतराव सिंकाखाली घुसले. म्हातारं अंग, पाठीवर झोपावं लागलं. बादली ठेवली, बाटली फिरवली, ती हलेना. दुपट्ट्याचं टोक गुंडाळून पुन्हा फिरवली. एकदम सुटली अन् अर्धं पाणी त्यांच्या छातीवर पडलं. मग आतून तो सगळा माल आला. पुरण, आंबील, भेंडीच्या फोडी, कारल्याच्या बिया, थिजलेलं तूप. बादली भरत आली. आडव्या पाइपात त्यांनी तार घातली, तर तिकडूनही गोळा निघाला. मग पलीकडून मोकळी हवा आली. पाण्याची वाट साफ झाली.

ते बाहेर निघाले. अंगावर सगळे सोळा भाज्यांचे शिंतोडे. बादली उचलली अन् पंगत खोळंबल्याच्या घाईत पुढच्या दाराकडं निघाले, रस्त्याच्या नालीत ओतायला.

तेव्हा काठी आपटली.

कुसुमबाई खुर्चीवरून अर्धी उठली होती. डाव्या हातानं तिनं बादलीकडं दाखवलं, मग सिंकाकडं, मग भिंतीतून बाहेर जाणाऱ्या पाइपाकडं. तोंडातून शब्द यायला वेळ लागला.

"पाइप... कुठं?"

"नालीत," अमृतराव म्हणाले.

"नाली... कोनाची?"

"गावाची."

अन् मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. सोनाबाईनं तोंडावर हात ठेवला. सिंक घरातलं होतं, पण पाइप घरातला नव्हता. पहिल्या पंगतीचं सारं उष्टं त्यांनी सगळ्यांनी मिळून, जाणूनबुजून नाही पण आपल्याच हातानं, घराबाहेर धाडायला घेतलं होतं.

"गेलं असंल काय गा बाहेर?" भगवानराव पहिल्यांदाच बोलला.

सोनाबाई धावत बाहेर गेली. पाइपाचं तोंड नालीत उघडते तिथं वाकली. मागून चंद्रभागा गेली, ओल्या पदरानिशी, अन् तीही वाकली. रस्त्यावरून मोटरसायकलवाला गेला, त्यानं वळून पाहिलं, की सणाच्या दिवशी या बाया नालीत काय हुडकून राहिल्यात.

"एक शीत नाई," सोनाबाई आत येत म्हणाली. "निस्तं साबणाचं पानी हाय सकाळचं. एक दाणा बाहेर गेला नाई."

"डाळीची साल बी नाई," चंद्रभागा म्हणाली. हे कोणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नसावं.

कुसुमबाई खुर्चीत परत बसली. तिचं वाकडं तोंड एका बाजूनं हसलं. "तुंबलं..." ती म्हणाली, अन् हात उंबऱ्याकडं आडवा केला.

चंद्रभागेनं अमृतरावांकडं संशयानं पाहिलं, की आता हा माणूस बायकोच्या नावावर काय सांगतो. पण अमृतरावांनी हातातली बादली खाली ठेवली. सांगायचं काही नव्हतं. तुंबलं म्हणून उष्टं घरात राहिलं होतं.

"तिनंच अडवलं म्हणा," सोनाबाईनं लक्ष्म्यांकडं हात जोडले. "ज्येष्ठीनं पाइपात पाय घातला."

अमृतरावांनी गोठ्यातून पहार आणली अन् अंगणाच्या त्याच कोपऱ्यात सिमेंटवर मारली. भगवानराव म्हणाला, "अबे दादा, पोरानं पैसा लावून केलं, फोडून राह्यला?"

"तिच्या चालायच्या वाटंत नाई फोडत. कोपरा फोडतो." दोन घाव झाले अन् ते थांबले. धाप लागली होती. भगवानरावानं क्षणभर पाहिलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या अन् पहार घेतली. दुकानात बसून बसून हात मऊ झालेले, पण घाव बरोबर पडत होते. लहानपणी दोघांनी मिळून हाच खड्डा खोदलेला, माय उभी राहून सांगायची.

आत दुसरी पंगत उपाशी. सोनाबाई ओरडली, "सवाशिणी उपाशी ठेवून विहीर खोदून राह्यले का दोघं भाऊ?"

बादली खड्ड्यात रिकामी झाली. भाज्यांच्या साली, कोहळ्याचा आतला गर-बियाही त्यातच गेल्या. वरून थोडी माती. सिंकात गरम पाणी सोडलं, ते गडगडत गेलं. जाळी परत बसली. दुसरी पंगत बसली, अन् तिचं उष्टं खड्ड्यात गेलं.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांना निरोप दिल्यावर मुखवटे पुसून कापडात गुंडाळायची वेळ आली. पेटी मध्ये ठेवलेली. ती कोणत्या घरी जाते, हे कोणी विचारलं नाही, पण सगळे तिथंच बसून होते. कुसुमबाईचा हात पेटीवर होता.

चंद्रभागेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. शेवटी म्हणाली, "भितीबाई, आमच्या बाजारहत्नूरच्या घरी समदी फरशीच हाय. पुढून दुकान, मागून शेजाऱ्याची भिंत. खड्डा घ्यायले वीतभर माती नाई. अन् सिंकाचा पाइप तं..." ती थांबली. घरच्या सिंकातून वर्षानुवर्षं काय काय गेलं, ते तिला आठवत असावं. "जिथं खड्डा, तिथं लक्ष्म्या. राहू द्या म्हणा इथंच."

भगवानरावानं मान हलवली. यावेळी थांबवली नाही.

कुसुमबाईनं पेटीवरचा हात काढला नाही. डोळे मिटून घेतले.

आता पुढचं ऐका. त्या खड्ड्यातून कोहळ्याचा वेल निघाला. कंपाउंडवर चढला, सिमेंटवर पसरला, अन् दिवाळीनंतर त्याला एकामागून एक एवढी मोठी कोहळी लागली, की टपरीवरच्या माणसांनी भांड्यांचं विचारणं सोडून कोहळ्याचं विचारायला सुरुवात केली. पण गोम अशी, की लक्ष्म्यांच्या उष्ट्यावर वाढलेलं कोहळं. ते घराबाहेर जाऊ शकते का? सोनाबाई म्हणाली जाते, कुसुमबाईनं काठी आपटली. म्हणजे नाही. दोघं नवरा-बायको रोज कोहळ्याची भाजी खाऊन खाऊन कंटाळले.

संक्रांतीला चंद्रभागा वाण घेऊन आली. वेल पाहिला, कोहळं पाहिलं.

"भितीबाई, एक फोड देता का म्हणा घरी न्यायले?"

"भितीबाई, ते बाहेर जात नाई म्हणा."

चंद्रभागेनं विचार केला, अन् पाट ओढून तिथंच बसली. भाजी-भाकर खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली. मग ताट घेऊन सिंकाकडं निघाली. अमृतराव लगबगीनं उठले, पण भासऱ्यानं आपलं ताट घासावं हे तिला चालणार नव्हतं. जाळी घासून ओट्यावर वाळत ठेवलेली होती. तिनं तसाच नळ सोडला.

अमृतराव दारातच उभे राहिले. भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "भितीबाई, तिले सांगा, आधी जाळी बसव."